नव्या वॉटरप्रूफिंगनंतर गच्चीवर पाणी साचतंय: कारण कसं शोधायचं, काम काय करून घ्यायचं

प्रश्न असा आहे: सपाट गच्चीवरचा जुना थर उखडून नवं वॉटरप्रूफिंग केलं. गळती थांबली. पण पाऊस उघडल्यावर दोन-तीन ठिकाणी पाणी साचतं आणि चार-चार दिवस हटत नाही. कंत्राटदार म्हणतो, गळत नाही ना, मग काळजी कशाला?

काळजी करायला हवी. पाणी खाली उतरू न देणं हे वॉटरप्रूफिंगचं काम, आणि ते गच्चीवरून घालवणं हे ढाळाचं (उताराचं) आणि आउटलेटचं (पाणी पाइपात पडतं त्या तोंडाचं). पहिलं काम जमलं म्हणून दुसरं आपोआप जमत नाही. उलट दुसरं बिघडलेलं असेल तर पहिल्याचं आयुष्य घटतं. त्यामुळे एक गोष्ट आधीच सांगतो: साचलेल्या पाण्यावर उपाय म्हणून कोणी ‘अजून एक कोट मारून देतो’ म्हणाला तर थांबवा. कोट मारून पातळी बदलत नाही. आधी मोजमाप, मग निदान, मग दुरुस्ती. हा क्रम चुकला की गच्ची दुसऱ्यांदा उखडायची वेळ येते.

किती साचलं म्हणजे जास्त

सपाट छपरांसाठी सर्रास वापरला जाणारा निकष ४८ तासांचा आहे. पाऊस थांबल्यावर, सुकायला बरं हवामान असताना, ४८ तासांनंतरही पाणी उभं असेल तर तो निचऱ्याचा दोष. वॉटरप्रूफिंगच्या शीटच्या (गुंडाळीतून उलगडून लावलेल्या पट्ट्यांच्या) जोडापाठी राहणारं चार-पाच मिलिमीटर पाणी, जे एक-दीड दिवसात सुकतं, त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. शीट एकावर एक येते तिथे जाडी वाढणारच आणि तेवढा बांध पडणारच.

उभ्या पाण्याचे तोटे मात्र खरे आहेत. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, म्हणजे एक किलो. २५ मिमी खोल आणि २० चौरस मीटरचं डबकं म्हणजे अर्धा टन. काँक्रीटचा स्लॅब हे सहज पेलतो, पण पत्र्याच्या किंवा लाकडी सांगाड्यावरच्या हलक्या छपराचं तसं नसतं. ते वजनाने थोडं वाकतं, वाकलं की आणखी पाणी थांबतं, त्याने आणखी वाकतं. काँक्रीटवर त्रास वेगळा: माती आणि शेवाळ साठतं, सुकताना ते आकसून पृष्ठभाग ओढतं, जोडांच्या कडा सतत ओल्या राहतात. आणि कुठे सुईएवढं भोक पडलंच, तर उतरत्या पृष्ठभागावर त्यातून पाऊस असेपर्यंतच पाणी जाईल. डबक्याखाली ते दिवसरात्र जात राहील. पाण्यावर आधारित ॲक्रिलिक कोटिंग असेल तर जास्तच जपायला हवं, कारण ती सतत पाण्याखाली राहिली की मऊ पडून सुटू लागतात. वॉरंटीचा कागदही काढून वाचा. साचलेल्या पाण्याने झालेलं नुकसान वगळणारं कलम त्यात बऱ्याचदा असतं.

आधी नकाशा काढा

चांगला पाऊस झाल्यावर, किंवा नळीने गच्ची भिजवून, पाणी थांबल्यावर तासाभराने प्रत्येक डबक्याच्या कडेने खडूने किंवा तेलखडूने रेषा मारा. २४ तासांनी पुन्हा, ४८ तासांनी पुन्हा. प्रत्येक वेळी सर्वात खोल जागी स्टीलची पट्टी उभी धरून खोली मोजा. तारीख आणि वेळ दिसेल असे फोटो घ्या.

मग पातळ्या. लेझर लेव्हल असेल तर सोपं. नसेल तर गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल ट्यूब पुरते. फक्त तिच्यात हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये आणि दोन्ही टोकं उघडी असावीत, नाहीतर १०-१५ मिमीची चूक सहज होते. आउटलेटच्या तोंडाची कड, म्हणजे जिथून पाणी प्रत्यक्ष आत पडतं ती रेषा, शून्य धरा. दर दीड मीटरवर एक वाचन घ्या, आउटलेटभोवतीच्या एक मीटरमध्ये दर २०-२५ सेंटिमीटरला. कागदावर चौकटी आखून आकडे भरा. ज्या चौकटीत आकडा उणे आला, तिथलं पाणी आउटलेटला कधीच पोचणार नाही, कितीही झाडलं तरी. अर्ध्या दिवसाचं हे काम पुढचे सगळे वाद मिटवतं, म्हणून त्यात कंजुषी नको.

डबक्याचा आकार आणि जागा पाहिली की निम्मं निदान होतं. आउटलेटभोवती कडं असेल तर तोंड उंच राहिलंय. दोन तुळयांच्या मधोमध बशी असेल तर स्लॅब झुकलाय. कठड्याच्या कडेने लांब पट्टा असेल तर कठडा आणि गच्चीच्या कोपऱ्यात गोलाई करताना माल पुढे आलाय किंवा ढाळ कडेपर्यंत नेलेलाच नाही. पाऊस पडत असताना सगळी गच्ची भरते आणि तासाभरात रिकामी होते, तर ढाळ ठीक आहे. पाइप किंवा जाळी कमी पडतेय.

आउटलेट उंच राहणं

नव्याने केलेल्या कामात हे कारण सर्वात जास्त सापडतं, आणि सुदैवाने सर्वात स्वस्तात सुधारतं.

जुनं आउटलेट जुन्या थराच्या पातळीला बसवलेलं असतं. नवं काम करताना त्यात आउटलेटचा नवा तुकडा घालतात, त्याच्या पाखावर (तोंडाभोवतीच्या सपाट कडेवर) शीटचा एक थर, वर आणखी एक, कडेने जोडपट्टी. चार-चार मिलिमीटरचे दोन थर, पाख आणि जोड मिळून १२-१५ मिमी जाडी नेमकी तिथेच वाढते जिथे सगळं पाणी यायचं असतं. १०० मध्ये १ च्या ढाळावर (दर १०० मिमीला १ मिमी उतार) १२ मिमी उंच तोंड म्हणजे त्याच्यामागे सव्वा मीटरपर्यंत पाणी अडणार. ढाळ जितका कमी तितकं डबकं लांब: २०० मध्ये १ असेल तर तीच १२ मिमी कड जवळजवळ अडीच मीटरपर्यंत पाणी धरते.

दुरुस्ती अशी करून घ्या. आउटलेटभोवती किमान ६०० × ६०० मिमी, जमलं तर एक मीटर चौरस भाग कापून काढायचा. खालचा कोबा किंवा स्क्रीड (ढाळासाठी घातलेला सिमेंटचा थर) तासून तो चौकोन आजूबाजूपेक्षा २० ते २५ मिमी खोल घ्यायचा, आणि त्याच्या कडा उभ्या न ठेवता चारही बाजूंनी आत उतरत्या. आउटलेटचं पाख या खोलगट भागाच्या तळाशी, मालात मुरवून बसवायचं. वर ठेवून चिकटवायचं नाही. मग आधी शीटचा जादा तुकडा, त्यावर मुख्य थर, तो तोंडाच्या आत वळवून घ्यायचा, आणि दाबकडं (शीट दाबून धरणारं कडं) असलेलं आउटलेट असेल तर बोल्ट सारखे आवळायचे. शीटचा नवा तुकडा आणि मुख्य शीट एकमेकांवर किमान १५० मिमी यायला हवेत, आणि जोड पाण्याच्या वाटेने उतरता हवा: वरच्या बाजूची शीट खालच्या बाजूच्या शीटवर. उलटा जोड म्हणजे पाण्यासमोर उघडं तोंड.

इथे आणखी एक गोष्ट तपासा, जी सहसा कोणी तपासत नाही. जुन्या पाइपात नवा बारीक तुकडा सरकवला की दोघांमध्ये फट उरते. ती सील केलेली नसेल तर एरवी काही होत नाही. पण मुसळधार पावसात खालचा पाइप भरला, की पाणी उलटं वर चढतं, त्या फटीतून स्लॅबच्या जाडीत शिरतं आणि छताला आउटलेटजवळ ओल येते. फक्त मोठ्या पावसातच गळणारी, साध्या पावसात कोरडी राहणारी आउटलेटभोवतीची गळती दिसली तर पहिला संशय या फटीचा घ्यावा. चाचणी सोपी आहे: खालून फुगवण्याचा पाइप प्लग लावून उभा पाइप तोंडापर्यंत भरा आणि तासभर छताकडे लक्ष ठेवा.

तुकडा घातल्याने तोंडही लहान होतं. १०० मिमीचं ८० मिमी झालं तर दिसायला फरक थोडा, पण क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी कमी.

ढाळ कागदावर असतो, गच्चीवर नसतो

तयार पृष्ठभागावर ८० मध्ये १ ढाळ मिळावा म्हणून आखणी ४० मध्ये १ ची करावी, असा सपाट छपरांच्या कामात जुना दंडक आहे. कारण स्लॅबचं झुकणं, दोरीची चूक, रंध्याचा हात, सगळं मिळून निम्मा ढाळ खाऊन टाकतं. जो १०० मध्ये १ आखतो, त्याला काही ठिकाणी शून्य मिळतो.

झुकण्याचा हिशेब पाहा. पाच मीटर गाळ्याचा (दोन टेकूंमधल्या अंतराचा) स्लॅब वर्षांनुवर्षांत मधोमध २० मिमी खाली गेला, ही काही असाधारण गोष्ट नव्हे आणि धोक्याचीही नसते. पण त्या वक्रतेमुळे टेकूजवळ साधारण ६० ते ८० मध्ये १ चा उलटा चढ तयार होतो. अशा स्लॅबवर १०० मध्ये १ चा ढाळ एकसारख्या जाडीत घातला, तर उताराच्या बाजूच्या टेकूजवळ पाण्याला चढ चढावा लागतो. ते मध्येच थांबतं. म्हणून जुना थर निघाल्यावर उघड्या स्लॅबच्या पातळ्या घेणं आणि त्यावर ढाळाची जाडी ठरवणं हे कामाचं पहिलं पाऊल आहे. ‘आधी होता तसाच ढाळ ठेवलाय’ या वाक्याचा अर्थ पातळ्या घेतल्याच नाहीत, असा समजायला हरकत नाही.

दुसरी जागा म्हणजे दोन ढाळ मिळतात ती घळ. दोन्ही बाजूंना ८० मध्ये १ उतार असेल आणि ते ४५ अंशांत मिळत असतील, तर घळीचा स्वतःचा उतार सुमारे ११३ मध्ये १ एवढाच उरतो. १०० मध्ये १ असेल तर १४१ मध्ये १. त्यात घळीच्या रेषेवर शीटचे जोड आले तर उतार संपलाच. तपासताना पाणसळ घळीच्या रेषेवर ठेवून पाहा. नुसती बाजूंवर ठेवली तर सगळं छान दिसतं.

सुधारणा खोलीवर ठरते. ४८ तासांनी ५-६ मिमीपर्यंतच पाणी उरत असेल आणि जागा लहान असेल, तर हात लावू नका. कापाकापीने नवा जोड तयार होतो आणि तो डबक्यापेक्षा वाईट. साधारण ६ ते २५ मिमी खोल बशी भरून काढता येते, पण भरायचं साहित्य खालच्या थराशी जुळणारं हवं. डांबरी शीटवर सिमेंटचा माल धरत नाही. ऊन-पाण्यात तो खपलीसारखा सुटतो. तिथे शीटचेच एकाहून एक मोठे तुकडे थरांत लावून पातळी उचलतात, सर्वात लहान तुकडा सर्वात खाली. सिमेंटच्या पृष्ठभागावर पॉलिमर घातलेला मॉर्टर, पृष्ठभाग खरवडून, प्रायमर ओला असतानाच. कडेला तो शून्यावर आणला की कड उडते, म्हणून कडेने ६-८ मिमी खोल खाच मारून तिथे माल संपवावा. त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर पुन्हा घ्यावाच लागतो.

२५ मिमीपेक्षा खोल किंवा अर्ध्या गच्चीभर पसरलेलं डबकं ठिगळाने बरं होत नाही. दोन मार्ग उरतात. एक, नवा ढाळ. आठ मीटर लांबीला १०० मध्ये १ म्हणजे ८० मिमी चढ. तोंडाशी २५ मिमी धरली तर वरच्या टोकाला १०५, सरासरी ६५ मिमी. सिमेंट स्क्रीडचं वजन चौरस मीटरला दर मिलिमीटरमागे सुमारे दोन किलो, म्हणजे इथे १३० किलो. माणसांच्या वावरासाठी गच्चीवर धरलेला भार बऱ्याचदा याच घरातला असतो. म्हणून जुना थर न काढता वर नवा ढाळ चढवणं हे स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय करूच नये. फोम काँक्रीट किंवा उतारात कापलेल्या इन्सुलेशन बोर्डांनी वजन खूप वाचतं, पण फोम काँक्रीटवर संरक्षक थर लागतो आणि बोर्ड कोरड्या पृष्ठभागावरच बसवायचे. शिवाय उंची पाहा. ढाळ वाढला की दरवाजाचा उंबरा आणि कठड्यावर चढवलेली शीट तुलनेने खाली येतात. तयार पातळीपासून शीट किमान १५० मिमी वर चढलेली हवी. दारापाशी ही उंची हमखास कमी पडते, आणि मग गळती छतातून न होता दारातून आत येते.

दुसरा मार्ग म्हणजे डबक्याच्या सर्वात खोल जागी नवं आउटलेट. खालून पाइप नेता येत असेल तर मला हाच जास्त पटतो: वजन वाढत नाही, गच्ची उखडत नाही, आणि एक आउटलेट तुंबलं तर दुसरं असतं. भोक कोअर कटरने घ्यायचं, त्याआधी सळया आणि तुळई कुठे आहेत ते स्कॅन करून. तुळईत किंवा खांबालगत भोक नको.

पाणी जास्त की तोंड लहान

पाऊस पडतानाच पाणी चढत असेल तर हिशेब करा. छपराचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये गुणिले पावसाचा वेग तासाला मिलिमीटरमध्ये, म्हणजे तासाला तेवढे लिटर. ७५ चौरस मीटरवर तासाला १०० मिमी पाऊस म्हणजे ७,५०० लिटर, सेकंदाला सुमारे २.१ लिटर. एवढं पाणी १०० मिमीच्या उघड्या तोंडातून जायला तोंडाशी साधारण ३० मिमी पाणी उभं राहावं लागतं. त्यावर जाळी बसवली की तेवढ्याच प्रवाहाला सुमारे ४५ मिमी लागतं, आणि हे जाळी स्वच्छ असताना. आउटलेटभोवतीचा खोलगट चौकोन इथे दुसऱ्यांदा उपयोगी पडतो: ही उंची गच्चीभर न चढता त्या चौकोनातच मिळते. शेजारच्या उंच भिंतीवरून आणि वरच्या छपरावरून येणारं पाणीही क्षेत्रफळात धरायला विसरू नका.

सपाट जाळी नको. एक प्लास्टिकची पिशवी किंवा दोन मोठी पानं तिला पूर्ण बंद करतात. घुमटाकार, किमान १०० मिमी उंच जाळी घ्या. पानं खाली अडकली तरी वरून पाणी जातं. तिच्या भोकांचं एकूण क्षेत्रफळ पाइपाच्या दीड ते दोन पट हवं. १०० मिमी पाइपाचं क्षेत्रफळ ७,८५० चौरस मिमी आहे, तेव्हा जाळीत किमान १२,००० चौरस मिमी मोकळी जागा मोजून घ्या. डासांची बारीक जाळी आउटलेटवर कधीच लावू नये.

पाइप मोकळा आहे का, हे पाहायला २० लिटरची बादली एकदम ओता. पाणी मागे न चढता काही सेकंदांत नाहीसं झालं पाहिजे. गुरगुर करत हळूहळू उतरत असेल तर वळणात काहीतरी आहे, आणि नव्या कामानंतर ते बहुधा स्क्रीडचा माल, शीटचे कापलेले तुकडे किंवा झाडून टाकलेला भुगा असतो. काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक तोंडात गोणपाटाचा बोळा किंवा प्लग घालायला हवा होता. घट्ट झालेला सिमेंटचा माल ॲसिडने निघेल या आशेवर राहू नका. तो वळणाचा तुकडा बदलणंच बरं.

ओव्हरफ्लो कुठे गेला तेही पाहा. कठड्यातली जादा पाण्याची भोकं नवं काम करताना शीटखाली गाडली जातात किंवा मालाने बुजतात. मुख्य आउटलेट बंद पडलं तर पाण्याला तीच एक वाट असते. भोकाची खालची कड तयार पातळीपासून २५ ते ५० मिमी वर आणि दाराच्या उंबऱ्यापेक्षा नक्की खाली असावी, आणि पाणी भिंतीवर न ओघळता दूर पडेल असं नळकांडं बाहेर काढलेलं असावं. ते वाहताना दिसलं की आउटलेट तुंबलंय हे खालूनही कळतं.

टाकीचे चबुतरे, सोलरचे पाये, जमिनीवर आडवे टाकलेले पाइप पाण्याच्या वाटेवर बांध घालतात. पाइप ५० मिमी उचलून टेकूंवर घ्या. रुंद चबुतऱ्याच्या वरच्या बाजूला, मधोमध उंच आणि दोन्हीकडे उतरती अशी पट्टी करून घ्या, म्हणजे पाणी वळसा घालून जाईल.

कंत्राटदाराशी बोलताना

बऱ्याच गच्च्यांवर पाणी भरून ठेवण्याची चाचणी झालेली असते आणि ती दाखवून काम मंजूर करून घेतलं जातं. तोंडं बंद करून २५ ते ५० मिमी पाणी २४ ते ४८ तास धरलं आणि खाली ओल आली नाही, म्हणजे गळती नाही, एवढंच सिद्ध झालं. निचऱ्याची चाचणी तिथून पुढे सुरू होते: बोळे काढा, पाणी जाऊ द्या, आणि ४८ तासांनी मागे काय उरतं ते मोजा. त्याच पाण्यात दोन्ही चाचण्या होतात. हलक्या छपरावर मात्र पाणी भरण्याआधी भार तपासून घ्या.

पातळ्यांचा कागद आणि फोटो समोर ठेवून लेखी मागणी करा, आणि मागणी कामाच्या भाषेत असू द्या: अमुक आउटलेट आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा १४ मिमी उंच आहे, ते २० मिमी खाली बसवून द्यावं, अमुक जागी ४८ तासांनी १८ मिमी पाणी आहे, तिथला ढाळ सुधारावा. ‘पाणी साचतं’ एवढंच लिहिलं तर उत्तर म्हणून कोटिंगचा डबा येतो. दुरुस्ती दुसऱ्याकडून करून घेण्याचा विचार असेल तर आधी वॉरंटीवर काय परिणाम होतो ते लेखी विचारा, कारण तिसऱ्याने शीट कापली की पहिला कंत्राटदार हात वर करतो. कठड्याला हवं तिथे भोक पाडून पाणी बाहेर सोडण्याची सूचनाही येईल. ते भोक शीटच्या चढवलेल्या भागातून जातं, आणि त्याला बाही (भोकात बसवायची नळी) घालून नीट सील केलं नाही तर नवी गळती तिथूनच सुरू होते.

तोपर्यंत पावसाळा आला तर रबरी पट्टीच्या वायपरने पाणी तोंडाकडे लोटा, जाळी आठवड्यातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या पावसाआधी साफ करा. तुंबलेल्या आउटलेटवर बरंच पाणी उभं असेल तर जाळीत हात घालू नका. कचरा एकदम सुटला की ओढ जोरदार असते. लांब दांड्याने बाजूने मोकळं करा. दुरुस्तीनंतर त्याच चौकटींत, त्याच शून्यावरून पातळ्या पुन्हा घ्या, खडूच्या रेषा पुन्हा मारा, आणि शेवटचा हप्ता त्या ४८ तासांनंतर द्या.